मदत हवी आहे : ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-सिस्टिम) डिस्क अचानक रीड-ओन्ली (नुसती वाचता येते), कधी थेट कर्नल पॅनिक (सिस्टिमचा गाभाच थांबतो)

नमस्कार राजेहो. यवतमाळकडच्या आमच्या गावात जिनिंगच्या वजनकाट्यावर उबुंटू लिनक्सचं जुनं मशीन आहे. लाइन इथं जाते-येतेच, पण हे इन्व्हर्टरवर असतानाही होतं. कापसाच्या गाड्यांची रांग लागली की जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंद) अबॉर्ट, डिस्क रीड-ओन्ली. मग लॉग लिहिणार कुठं? डीमेसेजचा (कर्नलच्या संदेशांचा) मोबाइलवर फोटो तेवढा आहे: आधी आय/ओ (वाचन-लेखन) एरर, नंतर ईएक्सटी४ची तक्रार. एफएससीके (फाइल-सिस्टिम तपासणारी आज्ञा) दुरुस्त करतं, पुन्हा तेच. स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) १९९ नंबरचा सीआरसी आकडा (डेटा ने-आणीतल्या चुकांचा) वाढतोय, रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग) मात्र शून्य. म्हणून मला साटा केबलचा (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या) संशय. दुकानदार म्हणतो हार्डडिस्कच बदला (तो म्हणणारच). पॅनिकचे संदेश नेटकन्सोलनं नेटवर्कवरून दुसऱ्या लॅपटॉपवर घेऊ की केडंप (पॅनिकच्या वेळची मेमरी साठवणारी सोय) लावू? ४ जीबी रॅमवर केडंप कोणी चालवलंय का?