युद्धात मेलेला पत्रकार ‘स्वतःहून गेला होता’, हे मला पटत नाही

डेस्कवरचा (धागाकर्ता)

परवा नागपुरात बर्डीवर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जुन्या मित्राशी वाजलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझातल्या खान युनिसच्या नासेर रुग्णालयावर मारा झाला, पाच पत्रकार मेले, त्यावरून विषय निघाला. मित्र म्हणाला, “त्यायले कोणी बोलावलं होतं तिथं? नाव होते, पैसा भेटते, मग जीवही त्यायचाच जाईन.” मी प्लेट अर्धी ठेवून निघालो. तिथं बोलता आलं नाही म्हणून इथं लिहितो.

ते पाच जण तिथं ‘गेले’ नव्हते, तिथलेच होते. इस्रायलनं परदेशी पत्रकारांना गाझात मोकळेपणी शिरू दिलं नाही, म्हणून जगाला जे दिसलं ते तिथल्याच पोरापोरींनी दाखवलं. त्या रुग्णालयाच्या जिन्यावरून रॉयटर्स या वृत्तसंस्थेचं थेट चित्रण चालू होतं, पहिला मारा तिथंच बसला. धावून आलेल्यांवर काही मिनिटांत दुसरा. ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ ही न्यूयॉर्कची संस्था पत्रकारांच्या मृत्यूंची मोजदाद ठेवते. तिच्या हिशेबात २०२४ मध्ये जगभरात किमान १२४ पत्रकार मारले गेले, त्यातले ८५ एकट्या इस्रायल-गाझा युद्धात. यातले बहुतेक आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत मेले.

आता माझं सांगतो. नागपुरात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी १९ वर्षं काढली. गडचिरोलीकडे एका ठिकाणी भूसुरुंगाचा स्फोट झाला होता. आमच्या तालुका वार्ताहराचा फोन आला, फोटो पाठवला म्हणाला. फोटो लांबून काढलेला. धूर आणि झाडं, बस. सिटी एडिशन सुटायला पाऊण तास. मी म्हटलं, “अरे, काहीच दिसत नाही यात. जरा जवळ जा ना.” तो ‘हो सर’ म्हणाला आणि गेला. अर्ध्या तासानं फोटो आला, पान एकवर चार कॉलम लागला. पहिल्या स्फोटानंतर जवळच दुसरा पेरलेला असू शकतो, हे मला ठाऊक होतं. त्यावर बातम्या मीच तर लावल्या होत्या. तो सुखरूप आहे. पण त्या दिवशी त्याला काही झालं असतं, तर मीही ‘स्वतःहून गेला होता’ असंच म्हटलं असतं. मस्टरवर त्याचं नाव नव्हतंच.

कामठीकर फौजी

२४ वर्षं फौजेत काढली, आता कामठीला असतो. राग मानू नका, सरळ लिहितो.

तुकडीत दहा जण आणि अकरावा कॅमेरावाला असेल, तर दहांतल्या एकाचं लक्ष त्याच्यावर जातं. तो कधी उठून उभा राहील, कधी ओरडेल, भरवसा नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये दंतेवाड्यात दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू गेले. निवडणुकीचं चित्रण करायला पोलिसांसोबत निघाले होते. नक्षल्यांनी नंतर पत्रक काढून सांगितलं की माध्यमांना मारायचा इरादा नव्हता. इरादा नसला तरी गोळी लागायची ती लागलीच. गोळीला ओळखपत्र वाचता येत नाही.

आणि दुसरी बाजूही बघा. २६/११ ला कमांडो कुठून उतरताहेत ते वाहिन्या दाखवत होत्या, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच टीव्हीवर पाहून आतल्यांना फोनवर सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबचं अपील फेटाळताना सर्वोच्च न्यायालयानं यावर कडक ताशेरे ओढले. मे २०२५ मध्ये ‘सिंदूर’च्या वेळी तर रातोरात कराची बंदर उडवून दिलं यांनी! माझ्या वहिनीनं पेढे आणले होते.

लढाईत नागरिकाचं काम नाही. जे सांगायचं ते फौज सांगेल.

बर्डीवाला

साहेब, कराची बंदर उडवणारे स्टुडिओत होते ना जी! एसीत. एक जण तरी जागेवर उभा असता तर म्हणाला असता, ‘अबे, इथं काही झालं नाही.’ तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं हाय.

आणि फौज सांगेल म्हणता, तर बगदाद आठवा. १२ जुलै २००७. अमेरिकी हेलिकॉप्टरनं रॉयटर्सचे दोन जण मारले, नमीर नूर-एल्दीन आणि सईद चमाघ. फौजेनं काय सांगितलं? बंडखोरांशी चकमक झाली, त्यात गेले. रॉयटर्सनं व्हिडिओ मागितला, भेटला नाही. २०१० मध्ये विकिलीक्सनं तो फोडला तेव्हा जगानं पाहिलं का तिथं काय झालं होतं. तीन वर्षं फौजच सांगून रायली होती.

कामठीकर फौजी

तो व्हिडिओ मी पाहिला आहे, तुम्हीही पुन्हा पाहा. त्या घोळक्यात हत्यारबंद माणसंही दिसतात आणि नमीरच्या खांद्यावर लांब लेन्सचा कॅमेरा आहे. वरून वैमानिकाला तो रॉकेट लाँचर वाटला. बरोबर केलं असं मी म्हणत नाही. जखमींना उचलायला आलेल्या गाडीवर नंतर जे केलं ते तर मुळीच नाही. पण लेन्स आणि नळी यात फरक करायला त्या माणसाकडे किती सेकंद होते? म्हणूनच म्हणतो, तिथं उभं राहायचंच नाही.

धंतोलीची आई

मी पत्रकार नाही. मुलगी नागपूर विद्यापीठात जनसंवाद शिकते. तिच्या खोलीच्या भिंतीवर शिरीन अबू अक्लेहचा फोटो आहे. अल जझीरा वाहिनीची ही बाई २५ वर्षं पॅलेस्टाईनमधून बातम्या देत होती. ११ मे २०२२ ला जेनिनमध्ये गोळी लागून गेली. अंगात ‘प्रेस’ लिहिलेलं निळं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. तरी गोळी डोक्यातच लागली. मी लेकीला म्हटलं, एवढं सगळं घालून ती वाचली नाही, तू कशाला जातेस? तर म्हणते, आई, मग उन्हाळ्यात नागपुरात उष्माघातानंही माणसं मरतात.

यावर काय बोलायचं? माझा प्रश्न साधा आहे. विमा वगैरे काही असतो का यांना?

पॉलिसीवाले काका

ताई, हा माझा विषय. आपल्याकडची साधी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढून बघा. ‘वगळलेल्या जोखमी’ नावाचं पान कोणी वाचत नाही. त्यात युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कारवाई, यादवी हे सगळं बाहेर काढलेलं असतं. युद्धक्षेत्राचा विमा वेगळा मिळतो, परदेशात. मोठ्या वृत्तसंस्था काढतात. एकट्या माणसाला त्याचा हप्ता परवडणारा नाही.

अवांतर: अर्जात व्यवसाय ‘पत्रकार’ लिहिला की वरच्या साहेबांचे चार प्रश्न जास्त येतात, तेव्हा एका वार्ताहरानं माझ्यासमोर ‘शेती’ लिहिलं होतं. खोटंही नव्हतं, दोन एकर धान होतं त्याचं.

फुटाळ्याचा फोटोवाला

लग्नाचे फोटो काढतो, मधेमधे एजन्सीलाही देतो. चारपाच वेळा गडचिरोली-बस्तरात गेलोय, म्हणजे युद्धाचा अनुभव म्हणावा असा नाही.

धागाकर्त्यांचं ‘जवळ जा’ वाचून युद्धाचे फोटो काढणारा रॉबर्ट कापा आठवला. तुमचा फोटो चांगला येत नसेल तर तुम्ही पुरेसे जवळ नाही, हे वाक्य त्याच्याच नावावर आहे. २५ मे १९५४ ला व्हिएतनाममध्ये चांगला फोटो मिळावा म्हणून रस्ता सोडून पुढे गेला आणि भूसुरुंगावर पाय पडला.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट टिम हेदरिंग्टन या दुसऱ्या युद्ध-फोटोग्राफरची आहे. लिबियातलं मिसराता, २० एप्रिल २०११. तोफगोळ्याचा तुकडा मांडीत घुसला, मोठी रक्तवाहिनी तुटली, रुग्णालयात पोचेपर्यंत रक्त वाहून गेलं. सोबतच्यांना रक्त थांबवायचं शिक्षण असतं तर कदाचित वाचला असता, या हळहळीतून त्याचा मित्र सेबास्टियन युंगर यानं मुक्त पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी संस्थाच काढली. म्हणजे बघा, जॅकेट, हेल्मेट, विमा यावर आपण बोलतोय आणि मुद्दा एका पट्ट्याचा होता. टुर्निके म्हणतात त्याला. जखमेच्या वर बांधायचा आणि आतली काडी पिळत जायची, रक्त थांबेपर्यंत. माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत पाच लेन्स आहेत. तो पट्टा नाही.

एटापल्ली

मी तिकडचाच, गडचिरोलीतला वार्ताहर. कोणत्या पेपरचा ते लिहीत नाही. टॉवर गेला की टेकडीवर चढून बातमी पाठवावी लागते, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.

जॅकेटबद्दल लिहितो. आमच्याकडे ते नाही, आणि दिलं तरी मी घालणार नाही. इथं अंगात जाडजूड जॅकेट घालून गावात गेलो तर लोक दार लावून घेतात. पोलीस आला समजतात. आतल्यांनाही, म्हणजे जंगलातल्या नक्षल्यांनाही, तेच वाटेल. माझं संरक्षण म्हणजे लोक मला ओळखतात, माझी जुनी फटफटी ओळखतात, माझ्या सासरचं गाव ओळखतात, एवढंच. आता आतले फार उरले नाहीत, पण सवय जात नाही.

फौजी काका म्हणतात तिथं उभं राहू नका. काका, माझं घर आहे तिथं. छत्तीसगडमधल्या विजापूर जिल्ह्यातले पत्रकार साई रेड्डी आठवतात का? २००८ मध्ये पोलिसांनी नक्षल समर्थक म्हणून आत टाकलं. डिसेंबर २०१३ मध्ये बासागुडाच्या बाजारात नक्षल्यांनी पोलिसांचा माणूस म्हणून मारलं. एकच माणूस, एकच लेखणी. दोघांनाही तो दुसऱ्याचा वाटला.

आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तुमच्यासारखाच एक जवान, सीआरपीएफचे राकेश्वरसिंग मन्हास, चकमकीनंतर नक्षल्यांच्या ताब्यात होते. त्यांना सोडवून आणायला मध्यस्थांसोबत जंगलात गेले ते तिकडचे पत्रकार. त्यांच्यात मुकेश चंद्राकर होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याचं प्रेत विजापुरातच एका सेप्टिक टँकमध्ये सापडलं, वरून ताजं काँक्रीट ओतलेलं. रस्त्याच्या कामातला घोटाळा दाखवला होता. म्हणजे बंदुकीतून वाचला आणि ठेकेदारीत गेला. आमच्याकडचा धोका असा असतो, त्याला युद्ध म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

कामठीकर फौजी

मन्हास यांच्या सुटकेत पत्रकार होते हे माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही. ‘लढाईत नागरिकाचं काम नाही’ म्हटलं, तेवढं मागे घेतो.

थेट प्रक्षेपणाबद्दल आणि तुकडीसोबत जाण्याबद्दल मात्र जे म्हटलं त्यावर ठाम आहे. तुम्ही तिथं राहता, तुमची गोष्ट वेगळी. दिल्ली-मुंबईहून हेल्मेट घालून तीन दिवस येणाऱ्यांबद्दल मी बोलतोय.

बर्डीवाला

+१ एटापल्ली. पण बाहेरून येणाऱ्याले सरसकट झोडपू नका. पत्रकार मेरी कोल्विनचा एक डोळा २००१ मध्ये श्रीलंकेत गेला, तरी २०१२ मध्ये सीरियातल्या होम्समध्ये गेली आणि तोफमाऱ्यात मेली. तिच्या बहिणीनं अमेरिकेत दावा लावला. २०१९ मध्ये कोर्टानं म्हटलं का सीरिया सरकारनं तिले जाणूनबुजून टिपलं, आणि ३० कोटी डॉलरवर भरपाई ठोकली. तीन दिवसांच्या पाहुण्याले कोणतं सरकार कशाले मारीन?

वकील, सिव्हिल लाइन्स

थोडं कायद्याचं. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ७९ सांगतं की युद्धक्षेत्रात काम करणारा पत्रकार हा नागरिकच समजायचा. भारत त्या प्रोटोकॉलचा सदस्य नाही. महाराष्ट्रात २०१७ चा माध्यमकर्मींवरील हल्ले रोखणारा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्यातला माध्यमकर्मी म्हणजे नियमित किंवा कंत्राटी नोकरीतला माणूस. एटापल्लीकरांकडे काय आहे?

एटापल्ली

ओळखपत्र आहे. मुदत संपली. नवीन मागितलं तर म्हणाले, वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट पूर्ण करा, मग बघू. टार्गेट जाहिरातींचं. आणि जाहिराती देणार कोण? सरपंच, आश्रमशाळावाले, ठेकेदार. ज्याची बातमी लावायची त्याच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं. मानधन सांगत नाही, पेट्रोल निघतं.

डेस्कवरचा

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ती टार्गेटची यादी आमच्याच हॉलमध्ये टाइप व्हायची. कोणत्या तालुक्याला किती, ते मी पाहिलंय. कोणालाच कधी विचारलं नाही की याला करारपत्र का नाही. माझा मित्र ठेल्यावर जे बोलला ते मी १९ वर्षं न बोलता करत होतो.

फौजी साहेब, एक विचारू का? तो टुर्निके बांधणं तुम्हाला येत असेल ना?

कामठीकर फौजी

झोपेतही येतं. दोन्ही हातांनी, आणि एक हात निकामी असेल तर एका हातानं. माझं मत बदललेलं नाही, पण जाणारच असतील तर निदान हे शिकून जावं. पत्रकार भवनात एखादी खोली मिळत असेल तर रविवारी सकाळी आठला येतो. पट्टे चार-पाच आहेत माझ्याकडे. बाकीच्यांनी जुनी ओढणी आणि लाटणं आणावं, त्यावरही शिकवता येतं.

धंतोलीची आई

मी लेकीला पाठवते. मीही येते. लाटणी दोन आणते.

फुटाळ्याचा फोटोवाला

मी येतो. एटापल्ली भाऊ, रात्रीच्या बसनं निघालात तर सकाळी पोचाल. राहायची सोय माझ्याकडे.

एटापल्ली

या रविवारी नाही जमणार. पुरवणीच्या जाहिरातींची वसुली आहे, सोमवारी पैसे भरायचे आहेत. पुढच्या रविवारी ठेवता का?