पुस्तकांचे पांग

ज्या पुस्तकांनी घडवलं त्यांचे पांग कसे फेडता? भारावलेपण गृहीत धरलं आहे, त्यामुळे ते नको. हाताने काय करता, कसं करता आणि कुठे फसतं, तेवढं लिहा.

----

फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, ही पहिली परतफेड. टेप काही वर्षांत गळून पडते, पण तिचा गोंद कागदात मुरतो आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो.

त्याऐवजी जपानी टिश्यू कागद (लांब तंतूंचा पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी. अर्धा तास भिजवून मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधाळपणा जाऊन खळ दाट, अर्धपारदर्शक झाली की उतरवायची, गार झाल्यावर गाळायची आणि लावताना पाणी घालून सायीइतकी सैल करायची. मैद्याची नको, त्यातल्या प्रथिनांमुळे ती पिवळी पडते. टिश्यूची पट्टी कात्रीने कापू नये. ओल्या ब्रशने रेघ ओढून त्या रेघेवर हाताने फाडली की कडेचे तंतू सुटे राहतात आणि जोड बोटाला लागत नाही. फाटीच्या कडा नीट जुळवा, पट्टीला खळ नावापुरती लावून ती फाटीवर बसवा, वरखाली बटर पेपर, त्यावर टीपकागद, वर वजन. रात्रभर हात लावायचा नाही. खळ जास्त झाली तर पान चुरगळतं. बटर पेपर विसरलात तर दोन पानांचं एक पान!

----

वरच्यात एक भर. पान ठिसूळ झालं असेल, कोपरा दुमडताच तुकडा पडत असेल, तर खळीच्या भानगडीत पडू नये. लाकडाच्या लगद्याचा आम्लधर्मी कागद आतूनच झिजत असतो. एक जागा जोडली की शेजारची तुटते. असं पुस्तक आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेटीत आडवं ठेवावं आणि वाचायला दुसरी प्रत घ्यावी. आत जपलेली वर्तमानपत्रांची कात्रणंही काढा. त्यांचा डाग समोरच्या पानावर हुबेहूब उमटतो.

----

कसर लागली तर डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. वास माणसाला बाधतो, आणि कपाट दमट असेल तर कसर पुन्हा हजर. पुस्तक पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये ठेवा: उणे २० अंशांना आठवडा, घरच्या उणे १८ ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. सगळे इथेच घाई करतात. थंडगार कागदावर हवेतलं बाष्प जमतं आणि किडीतून वाचलेल्या पुस्तकाला बुरशी धरते. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आत ठेवा.

----

पुस्तकांचं झालं, लेखकांचं काय? लेखक हयात असतील तर प्रकाशकामार्फत पत्र लिहा, पण 'खूप आवडलं' एवढ्यावर थांबू नका. कोणतं प्रकरण, त्यातलं काय लक्षात राहिलं, ते लिहा. अनुवाद असेल तर अनुवादकालाही लिहा. त्या बिचाऱ्याला कोणी विचारत नाही.

मुद्रणदोष सापडले तर वेगळ्या कागदावर: आवृत्ती, मुद्रणाचं वर्ष, पान, ओळ, छापलेला शब्द, हवा असलेला शब्द. आवृत्तीच नसेल तर यादी वाया जाते, कारण पुढच्या आवृत्तीत पानं सरकलेली असतात. शिवाय लेखकाची शैली आणि छपाईची चूक यांत गल्लत नको. बोलीतला उच्चार 'शुद्ध' करून पाठवणारे महाभाग असतातच.

----

साधंच: पुस्तक पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका, तिथलीच बांधणी आधी उसवते. शेजारची दोन्ही आत ढकला आणि मधलं कमरेत धरून काढा. नाव-तारीख शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेन पानामागे उमटतं.