‘इंट *ग[४]’ आणि ‘इंट (*ग)[४]’ यांत नेमका फरक काय?

प्रश्न:
नमस्कार. तीन विद्यार्थ्यांचे चार विषयांतील गुण साठवण्यासाठी मी सी भाषेत ‘इंट गुण[३][४];’ असा ॲरे घेतला आणि ‘इंट *ग[४]’ असा पॅरामीटर असलेल्या फंक्शनला दिला. कंपायलरच्या वॉर्निंगकडे मी दुर्लक्ष केले आणि प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) येऊन बंद पडला. मित्राच्या सांगण्यावरून ‘इंट (*ग)[४]’ लिहिल्यावर तो चालला, पण कंसाने काय बदलले हे मला उमगलेले नाही. कृपया समजावून सांगावे.

उत्तर १:
घोषणा नावापासून वाचायला सुरुवात करा. चौकटी कंसाची पकड स्टारपेक्षा घट्ट असल्यामुळे ‘इंट *ग[४]’ मध्ये ‘ग’ हा आधी चार घटकांचा ॲरे ठरतो आणि त्याचा प्रत्येक घटक इंटचा पॉइंटर, म्हणजे इंटचा पत्ता साठवणारा, असतो. गोल कंस घातला की स्टार आधी लागू होतो, आणि ‘ग’ हा चार इंटांच्या अख्ख्या ॲरेचा एकच पॉइंटर होतो. सीचे निर्माते डेनिस रिची यांनी सीची घोषणा मुद्दाम अशी ठेवली, की नाव जसे वापरायचे तसेच ते घोषित करायचे. साधे चल म्हणून दोन्ही घोषित करून साइझऑफ (बाइटमधला आकार) छापून पाहा. ६४ बिटांच्या नेहमीच्या संगणकावर पहिल्यासाठी ३२ आणि दुसऱ्यासाठी ८ मिळतील.

उत्तर २:
प्रोग्रॅम का कोसळला, हेही पाहायला हवे. ‘गुण’मध्ये एकही पॉइंटर साठवलेला नाही, तेथे बारा इंट सलग, म्हणजे ४८ बाइट आहेत. पॅरामीटर म्हणून ‘इंट *ग[४]’ लिहिल्यावर ‘ग[०]’ साठी पहिले ८ बाइट, म्हणजे पहिल्या विद्यार्थ्याचे दोन विषयांचे गुण, एक पत्ता म्हणून वाचले जातात आणि प्रोग्रॅम त्या भलत्याच पत्त्यावर जातो. ‘इंट (*ग)[४]’ असेल तर ‘ग+१’ बरोबर १६ बाइट पुढे, दुसऱ्या विद्यार्थ्यावर पोहोचतो. म्हणूनच घोषणेत ४ लिहावाच लागतो, ३ मात्र लागत नाही. अशी वॉर्निंग खरोखर कधीही सोडू नये.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आणखी एक शंका आहे: ‘स्ट्रक्ट नोड’च्या आत ‘स्ट्रक्ट नोड *पुढचा;’ चालते, पण स्टार काढल्यावर एरर का येते?

उत्तर २:
महिरपी कंस बंद होईपर्यंत नोडचा आकार कंपायलरला ठाऊक नसतो. स्टार नसेल तर नोडच्या पोटात नोड, त्याच्या पोटात आणखी एक, असे होऊन तो आकार कधी ठरणारच नाही. पॉइंटरला किती जागा लागते हे मात्र आधीच ठरलेले असते, मग तो ज्याकडे बोट दाखवतो त्याची व्याख्या अपुरी असली तरी चालते.