दिव्यांग निधी खर्च करण्याआधी पालकांना विचारायला काय जातं?

कृष्णाकाठ

आमच्या शहरात नगरपरिषदेनं खास मुलांसाठी बाग केली. 'सेन्सरी गार्डन' (स्पर्श, वास, आवाज अनुभवायची बाग) असा फलक लागला, फीत कापली, फोटो झाले. पैसा नगरपरिषदेनं दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या 5 टक्के निधीतला. हेतूबद्दल मला शंका नाही. पण बागेच्या मधोमध संगीतावर नाचणारं कारंजं आहे. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, वय 12. कारंजं सुरू झालं की तो कानांवर हात दाबून फाटकाकडे पळतो. आमच्या ओळखीतल्या आणखी काही मुलांचं तेच. स्वच्छतागृहात धरायला दांडे आहेत, बाहेर रॅम्प आहे, पण मैत्रिणीच्या 13 वर्षांच्या मुलीला अजून डायपर लागतो आणि तिला आडवं करायला तिथे साधी फळी नाही. ती बाई रिक्षाच्या मागच्या सीटवर मुलीला बदलते, रिक्षावाला पाठ फिरवून उभा राहतो. हे आर्किटेक्टला सुचायचं कारण नाही. आम्हाला विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं, वर कारंज्याचे पैसे वाचले असते.

मुद्दा फक्त बागेचा नाही. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, बाकीच्या शाळा शिक्षण विभागाकडे. तपासणी आणि थेरपीचं केंद्र, म्हणजे डीईआयसी, आरोग्य खात्याकडे, जिल्हा रुग्णालयात. निधी नगरपरिषदेकडे. ही चारही दारं फिरणारा माणूस एकच, आई किंवा बाप. डीईआयसीची स्पीच थेरपीची वेळ नेमकी शाळेच्या वेळेत येते, हे दोन्ही खात्यांना माहीत नसतं, कारण दोघांनी एकमेकांना कधी विचारलेलं नसतं.

कायद्याला पालक ठाऊक नाहीत असंही नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व असलेल्यांसाठीच्या 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात दिल्लीच्या मंडळावर पालक संघटनांना जागा आहेत. जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीत मात्र जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. पालक म्हणून वेगळी खुर्ची नाही. शिवाय ती समिती मुख्यतः दिव्यांग व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचे अर्ज बघते, बाग आणि बस तिच्या टेबलावर येतच नाहीत.

तेव्हा प्रत्येक नगरपरिषदेत पालकांची समिती हवी आणि ती अंदाजपत्रकाच्या आधी बसायला हवी. उद्घाटनाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली नाही तरी चालेल. कुणाला पटत नसेल तर सांगा, का पटत नाही.

हिशेबनीस

मला पटत नाही. बागेची चूक झाली, मान्य. पण प्रत्येक चुकीवर उतारा म्हणून समिती, ही आपली जुनी खोड आहे.

पहिलं, 5 टक्के हा खास मुलांचा निधी नाही, सगळ्या दिव्यांगांचा आहे. त्यात स्टेशनबाहेर पेन विकणारा अंध माणूस आहे, पोलिओ झालेली पन्नाशीची बाई आहे. त्यांच्या मागे धावपळ करणारे आईवडील नाहीत. पालक शिकलेले, संघटित, व्हॉट्सॲपवर तत्पर. समिती त्यांच्या हाती दिली की दोन वर्षांत सगळा निधी थेरपीत जाईल आणि पेनवाल्याला पत्ताही लागणार नाही.

दुसरं, दुपारी तीनच्या बैठकीला येणार कोण? ज्यांच्या घरात एका पगारावर भागतं ते. शहरातली सात-आठ घरं, तीच शाळेच्या गॅदरिंगला पुढे, तीच इथेही. याला तुम्ही 'पालकांचा आवाज' म्हणणार.

माझ्या मते बाग नको, समिती नको, पैसे थेट खात्यात द्या. कुणाला डायपर हवेत, कुणाला रिक्षा हवी. ज्याचं त्याला कळतं.

विशेष शिक्षिका

हिशेबनीस, खात्यात पैसे द्या हे बोलायला सोपं आहे. स्पीच थेरपिस्ट तालुक्यातच नसेल तर खात्यातल्या पैशांनी काय विकत घेणार? सेवा आधी कुणीतरी उभी करावी लागते.

पण कृष्णाकाठ ताई, तुमच्याशीही माझं पूर्ण जमत नाही. मी या मुलांबरोबर बरीच वर्षं काम करते आहे. पालकांचं प्रेम खरं, निवड नेहमी बरोबर असतेच असं नाही. एका बैठकीत निम्म्या पालकांनी स्टेम सेल उपचारांच्या शिबिरासाठी पैसे मागितले होते. स्वमग्नतेवर त्याचा उपयोग होतो याला पुरावा नाही, हे समजावताना माझा घसा बसला. बोलणं यावं म्हणून सगळे मागे लागतात, मूल स्वतःच्या हातानं जेवावं, शी-शू सांगावं, यासाठी कार्यक्रम मागणारे क्वचित. घरात सगळ्यात जास्त कष्ट तर त्यातच जातात.

आणि एक जागा आधीपासून आहे, ती कुणी वापरत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असावे लागतात आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्या प्रमाणात जागा द्यावी लागते. 2012 च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मूल या वंचित गटात मोडतं. किती शाळांत अशा मुलाची आई समितीवर आहे? मी ज्या शाळांत फिरते तिथे एखादीच, आणि तिचं नाव यादीत आहे हे तिलाच माहीत नव्हतं. आधी ही खुर्ची भरा, मग नवी मागा.

विचारायचंच असेल तर शिक्षकांबद्दल विचारा. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलंय, प्राथमिकला 10 विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या वर्गांना 15 मागे एक. आम्ही फिरते शिक्षक आज या शाळेत, उद्या त्या. एका मुलाला आठवड्यातून तासभर मिळाला तर नशीब.

चाकांवर

मला सेरेब्रल पाल्सी आहे, वय 34, नोकरी करतो. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की आता कुणीतरी म्हणेल. कुणी म्हणालं नाही, म्हणून मी म्हणतो: पालक म्हणजे आम्ही नव्हे.

माझ्या आईनं माझ्यासाठी जिवाचं रान केलं, त्याबद्दल प्रश्न नाही. पण प्रत्येक अर्जावर, प्रत्येक बैठकीत माझ्या वतीनं तीच बोलली. तिला माझी सुरक्षितता हवी होती, म्हणून तिनं विशेष शाळा मागितली. मला गल्लीतल्या पोरांबरोबर साध्या शाळेत जायचं होतं. दोघांत मत कुणाचं धरलं गेलं असेल ते सांगायला नको. 2016 चा कायदा दिव्यांग व्यक्तीच्या हक्कांचा आहे. त्यात जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. तिथे आम्हाला बसवा आणि पालकांना आमच्या शेजारी बसवा. नुसती पालकांची समिती केली तर आणखी एक पिढी 'याला काय हवंय?' हा प्रश्न माझ्या डोक्यावरून आईला विचारेल. दवाखान्यात अजूनही विचारतात.

कृष्णाकाठ

चाकांवर भाऊ, तुमचं बोलणं लागलं, पण खरं सांगते, माझा मुलगा बोलत नाही. तो समितीत बसून काय सांगणार? त्याच्या वतीनं मी नाही बोलायचं तर कोण बोलणार? बोलू शकणाऱ्या दिव्यांग व्यक्तीनं न बोलणाऱ्या मुलाच्या वतीनं मत देणं हेही प्रतिनिधित्वच झालं की, आणि ते मला माझ्यापेक्षा जास्त जवळचं वाटत नाही.

चाकांवर

तुमच्या मुलानं मत दिलंय, ताई. कानांवर हात दाबून फाटकाकडे पळाला, यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं असतं? फक्त ते बाग झाल्यावर दिलं, कारण आधी त्याला कुणी नेलं नाही. कारंज्याचं काम काढण्याआधी अशी पाच मुलं दुसऱ्या गावातल्या कारंज्यापाशी न्या, अर्धा तास बघा, लिहून काढा. चित्रांची कार्डं वापरणारी मुलं असतील तर कार्डांवर विचारा. तुम्ही बोलू नका असं मी म्हणत नाही, तुम्ही दुभाषी व्हा. दुभाष्यानं स्वतःचं मत वेगळं सांगावं, एवढंच.

मिडलंड्सची मावशी

मी इंग्लंडात राहते, भाची खास मूल आहे, बहीण इथल्या पालक मंचात आहे. इथे ही गोष्ट कायद्यात आणून झाली आहे, म्हणून अनुभव सांगते. भुरळ घालायला नाही, कारण चित्र मिश्र आहे.

2014 च्या मुलं आणि कुटुंबं कायद्यापासून स्थानिक कौन्सिलनं 0 ते 25 वयाच्या विशेष गरजा असलेल्या मुलांच्या सेवा ठरवताना मुलांचं, तरुणांचं आणि पालकांचं मत विचारात घ्यायचं असतं. जवळपास प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत पालकांचा मंच आहे, त्याला शिक्षण खात्याकडून वर्षाला साधारण 17,500 पौंड अनुदान मिळतं. कौन्सिलला आपल्या भागातल्या सगळ्या सेवांची यादी प्रसिद्ध करावी लागते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या यादीवर लोकांनी काय म्हटलं आणि कौन्सिलनं त्यावर काय केलं, हे दोन्ही छापावं लागतं. सूचना पेटीत टाकून विसरता येत नाही. तपासणीला येणारे निरीक्षक मंचाशीही बोलतात.

आता दुसरी बाजू. मुलाचा शिक्षण, आरोग्य आणि देखभाल आराखडा 20 आठवड्यांत मिळायला हवा. 2024 मध्ये निम्म्याहून कमी नवे आराखडे मुदतीत निघाले. म्हणजे पालक टेबलावर बसले, पण टेबलावर मानसशास्त्रज्ञ आणि पैसा नाही. बहिणीच्या संध्याकाळी फुकटच्या बैठकांत जातात, बैठकीला येणारे अधिकारी पगारावर असतात. आणि कौन्सिलशी सलगी फार झाली की टीका करणं जड जातं. उलटही होतं. ब्रिस्टलमध्ये 2022 साली कौन्सिलचे कर्मचारी मंचाशी संबंधित पालकांच्या समाजमाध्यमांवरच्या नोंदी तपासत होते, हे उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला. मदतीला बोलावलेल्या पालकांवरच पाळत.

तरी 'मंच बंद करायचा का' असं विचारलं तर बहीण नाही म्हणते. ती म्हणते, पूर्वी निर्णय झाल्याचं पत्र यायचं, आता निदान मसुदा येतो आणि त्यावर लाल शाईनं लिहिता येतं.

हिशेबनीस

मावशींनी माझंच म्हणणं पुराव्यासकट मांडलं. कायदा आहे, अनुदान आहे, छापायची सक्ती आहे, तरी आराखडा वेळेत नाही. मग आमच्या नगरपरिषदेत, जिथे प्रशासक बसल्यावर काही वर्षं विचारायला नगरसेवकच नव्हता, तिथे तुमच्या समितीला काय भाव मिळणार? सह्या घेतील आणि खाली 'पालकांशी विचारविनिमय करून' असं एक वाक्य लिहून मोकळे होतील. आज निदान बाग चुकली असं म्हणता येतं. उद्या तुमच्या सहीनं चुकलेली असेल.

रात्रपाळी

मी ड्रायव्हर आहे. मुलगी डाऊन सिंड्रोमची, 9 वर्षांची. बायको चार घरची कामं करते. एवढ्या मोठ्या बोलण्यातलं मला सगळं कळलं नाही, पण एक कळलं, बैठक ठेवली तर आम्हा दोघांतल्या एकाचा रोज बुडणार. माझं मत विचाराल तर एक बस. विशेष शाळा आहे, फी नाही, शिकवतातही चांगलं, पण जाण्यायेण्याची रिक्षा महिन्याला आमच्या घरभाड्याएवढी. त्यामुळे ती आठवड्यातून तीन दिवसच जाते. हे सांगायला मला समितीत बसायचं नाही. कुणीतरी शाळेच्या फाटकात उभं राहून विचारावं, सकाळी आम्ही सगळे तिथेच असतो.

विशेष शिक्षिका

रात्रपाळी दादा, अख्ख्या धाग्यात कामाचं बोललात. पटावर नाव असून न येणाऱ्या मुलांच्या घरी मी जाते, दहातल्या बऱ्याच घरांत कारण रिक्षाच असतं. आणि बस ही एकच गोष्ट अशी आहे जिच्यावर पालक, चाकांवरसारखे तरुण आणि हिशेबनीसांचा पेनवाला, सगळ्यांचं एकमत होईल. फक्त तिला मागे चाकांची खुर्ची वर घेणारी उचलपट्टी हवी आणि ती चालू असायला हवी.

निवृत्त ग्रामसेवक

सगळे शहराचं बोलताहेत, थोडं गावाचं सांगतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. लहान गाव धरा, घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वसुली 4 लाख. म्हणजे हाती 20 हजार. गावात दिव्यांग 25. माणशी 800 रुपये, मार्चअखेर धनादेश, फोटो, रजिस्टरला सही, विषय संपला. हिशेबनीस म्हणतात तसे थेट पैसे आम्ही वर्षानुवर्षं दिले. 800 रुपयांत कुणाची कुठली गरज भागली ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण निधी अखर्चित दिसला की लेखापरीक्षणात शेरा येतो. आमची सगळी धडपड तो शेरा टाळायची.

20 हजारांवर समिती बसवणं हास्यास्पद आहे, हे मीच म्हणतो. पण तालुक्यातल्या 60-70 गावांचा निधी पंचायत समितीच्या पातळीवर एका कामाला जोडला, तर बस निघते, आठवड्यातून दोन दिवस थेरपिस्ट येतो. त्यासाठी प्रत्येक ग्रामसभेनं ठराव करायला हवा आणि ठराव मागणारा माणूस सभेत हवा. पालकांची खरी गरज तिथे आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं बोलणं निघतं, तेव्हा जा. फेब्रुवारीत अंदाजपत्रक तयार झाल्यावर आलात तर आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

कृष्णाकाठ ताई, नगरपरिषदेत आधी माहितीच्या अधिकारात मागच्या तीन वर्षांचा दिव्यांग निधीचा बाबनिहाय खर्च मागा. 'विचारात घ्या' अशी विनंती घेऊन जाणाऱ्याला कुणी विचारत नाही. कागद घेऊन जाणाऱ्याला बसायला खुर्ची देतात.

कृष्णाकाठ

माहितीचा अर्ज या आठवड्यात टाकते. आणि मागणीत बदल करते: नुसती पालकांची नाही, चाकांवर म्हणतात तसे प्रौढ दिव्यांगही हवेत, निम्मे तरी. बैठक दुपारी तीनला नको. विशेष शाळेच्या फाटकात, सकाळी मुलं सोडायच्या वेळी घ्या, आणि ज्याचा रोज बुडेल त्याला बैठकीचा भत्ता द्या. मावशींच्या बहिणीसारखं फुकट राबायला मी तयार आहे, रात्रपाळी दादांनी का राबावं?

हिशेबनीस, सहीचं भय बरोबर आहे. म्हणून असहमतीही इतिवृत्तात नावानिशी लिहायची, ही अट घालणार.

हिशेबनीस

इतिवृत्ताची अट चांगली, त्याला विरोध नाही. बाकी माझं मत तेच आहे. आणि तो भत्ता 5 टक्क्यांतूनच काढणार ना?

निवृत्त ग्रामसेवक

नाही. सभाखर्चातून. तशी वेगळी तरतूद मागा, आणि ठरावात ते लिहून घ्या, नाहीतर खरंच त्यातूनच काढतील.