मदत हवी आहे: फीटसाठी पुन्हा एमआरआय, गोव्यात की थेट बाहेर?

भाचा १९ वर्षांचा, आम्ही फोंड्याचे. लेव्हेटिरासिटाम आणि ऑक्सकार्बाझेपिन या फीटच्या गोळ्या दोन्ही पुऱ्या डोसात चालू आहेत, गोळी चुकत नाही, तरी झोपेत फीट येतेच. ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) गडबड दिसते उजव्या कपाळाच्या बाजूला, पण १.५ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) साधा एमआरआय ‘नॉर्मल’. सीटीही झालाय, त्यात काही नाही.

न्यूरोलॉजिस्टना फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसियाची शंका आहे. म्हणजे मेंदूच्या वरच्या थराची घडण जन्माआधीच एका जागी बिघडलेली. असा डाग लहान असला तर ५ मिलिमीटर जाडीच्या कापांत सहज निसटतो, म्हणून ३ टेस्लावर एपिलेप्सी प्रोटोकॉल करा म्हणाले: १ मिलिमीटरचे थ्रीडी टी-१ आणि थ्रीडी फ्लेअर, शिवाय हिप्पोकॅम्पसला (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) काटकोनात कोरोनल, म्हणजे समोरून उभ्या कापांचे, टी-२. टी-१, टी-२, फ्लेअर हे एमआरआय चित्रांचे प्रकार. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते फिल्म वाचणारा कोण. नुसतं मशीन मोठं असून काय उपयोग?

दातांना तारा आहेत, त्या काढायला डेंटिस्ट तयार आहे. बंद जागेची भीती नाही, भूल लागणार नाही. जुन्या स्कॅनची सीडी जवळ आहे. आयुर्वेद, पथ्य वगैरे कृपया सुचवू नका. गोळ्या बंद करणार नाही.

मुंबईचं केईएम, बंगळूरचं निम्हान्स की त्रिवेंद्रमचं श्री चित्रा, हे अजून ठरलेलं नाही. यापैकी कुठे फीटच्या सर्जरीपूर्व तपासणी केलेल्यांनी सांगावं: बाहेरून, म्हणजे गोव्यात, याच प्रोटोकॉलने काढलेला एमआरआय तिथे चालला, की त्यांनी पुन्हा काढायला लावला?