मूस जॉला पाहुणे न्यायचे तर भुयारं की म्युझियम? (माझं मत: भुयारं वगळा)

गवताळ_गडी
उन्हाळा लागला की रेजायनातल्या (कॅनडाचा सस्कॅचवान प्रांत) आपल्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, आईबाबा आलेत, कुठे नेऊ? उत्तरही ठरलेलं. मूस जॉला जा, हायवे एकवरून पश्चिमेला पाऊण तास, मॅक नावाच्या त्या भल्यामोठ्या मूसच्या (इथलं थोराड हरीण) पुतळ्याखाली फोटो काढा, गावाखालच्या भुयारांची टूर करा, या घरी.

माझं म्हणणं, भुयारं सोडा. एकात नटनट्या तुम्हाला १९२० च्या दशकातले दारूचे स्मगलर बनवतात आणि शिकागोचा गुंड अल कपोन इथे लपायला यायचा असं सांगतात, दुसऱ्यात चिनी मजुरांचे हाल दाखवतात. दारूबंदी होती, रिव्हर स्ट्रीट बदनाम होता, सू लाइनची रेल्वे मूस जॉला थेट शिकागोच्या बाजूला जोडत होती, हे सगळं खरं. पण कपोन इथे आल्याचा एक कागद कोणी दाखवलेला नाही. आपल्याकडे नाही का, प्रत्येक वाड्यातून एक भुयार निघतं आणि ते थेट पर्वतीला नाहीतर गडावर जातं, बघितलेलं कोणीच नसतं पण आजोबांच्या मित्राने बघितलेलं असतं, तसलाच प्रकार. आणि त्यासाठी तिकीट काढून तासभर घालवायचा आणि वेस्टर्न डेव्हलपमेंट म्युझियम, क्रेसेंट पार्कमधली आर्ट गॅलरी, सुकानेनचं जहाज, हे तिन्ही न बघता परतायचं, हे मला पटत नाही.

रेजायनाची_राणी
गडी, तुम्ही दर वर्षी हेच लिहिता 😄 अहो माझ्या सासूबाईंना गुडघे दुखत असून त्या टूरमध्ये इतकी मजा आली की पुण्याला फोनवर सगळ्यांना सांगत होत्या, तो गाईड त्यांच्यावर खोटंखोटं ओरडला आणि ह्यांनी त्याला मराठीत उलटं झापलं. म्युझियममध्ये काय, तर ट्रॅक्टर. पुढच्या हॉलमध्ये जुना ट्रॅक्टर. सत्तरीच्या माणसाला हसवणारी गोष्ट ह्या शहरात एकच आहे आणि तीच वगळा म्हणे.

गवताळ_गडी
ट्रॅक्टर नाही हो, मूस जॉचं वेस्टर्न डेव्हलपमेंट म्युझियम वाहतुकीचं आहे. ह्या म्युझियमच्या प्रांतात चार शाखा आहेत आणि प्रत्येकीचा विषय वेगळा, नॉर्थ बॅटलफर्डला शेती, यॉर्कटनला स्थलांतरित लोक, सस्कटूनला १९१० चा अख्खा बाजाररस्ता. मूस जॉला रेल्वे, विमानं, मोटारी. शिवाय स्नोबर्ड्स, म्हणजे हवाई कसरती करणारी ती लष्करी टीम, तिचा तळ ह्याच गावाला लागून आहे, तिच्यावर वेगळं दालन आहे. पुण्यात केळकर म्युझियममध्ये आपण अडकित्ते आणि दिवे बघत दोन तास घालवतो, तिथे कोणी कंटाळा आला म्हणत नाही.

फक्त_रॉकीज
सरळ बोलू का, तेहतीस-चौतीस हजार वस्तीचं गाव आहे, त्यात हेरिटेज हेरिटेज काय करायचं? पाहुणे एवढं विमानभाडं भरून येतात, त्यांना रॉकीजच्या डोंगरातलं बॅन्फ दाखवा. सपाट जमीन आणि जुनी इंजिनं बघायला कोण येतं. आणि मॅक मूसचं म्हणाल तर १९८४ चा तो पुतळा, २०१५ मध्ये नॉर्वेने ह्याच्याहून फूटभर उंच चकचकीत मूस उभा केला म्हणून २०१९ मध्ये ह्यांनी मॅकला मोठी शिंगं बसवून पहिला नंबर परत घेतला. जगातला सगळ्यात उंच मूस! ही ह्या गावाची सांस्कृतिक पातळी 🙏

सोलापूरचा_बर्फात
मॅकबद्दल बोलायचं काम नाही 😡 शिंगांची भांडणं दोन गावांनी हसत हसत केली, दोन्हीकडच्या लोकांनी मजा घेतली, ह्यापेक्षा चांगलं भांडण दाखवा.

बाकी मुद्द्यावर मी गडींच्या बाजूने, पण कारण वेगळं. चिनी मजुरांची खरी गोष्ट भुयारात नाहीच, ती वर रस्त्यावर आणि कोर्टात झाली. १८८५ ला कॅनडाने देशात येणाऱ्या चिनी माणसावर ५० डॉलर डोईकर लावला, १९०० ला १०० केला, १९०३ ला ५००, आणि १९२३ ला दारच बंद केलं ते १९४७ पर्यंत. हा झाला देशाचा कायदा. सस्कॅचवानने १९१२ ला स्वतःचा काढला, की चिनी मालकाने गोऱ्या बाईला कामाला ठेवायचं नाही. आणि त्यात धरलेला माणूस मूस जॉचाच, क्वाँग विंग नावाचा रेस्टॉरंटवाला. त्याच्याकडे दोन गोऱ्या वेट्रेस होत्या. तो नागरिकत्व घेतलेला होता, वर सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि १९१४ ला हरला. आता मला सांगा, अंधारात वाफेच्या पाइपांमध्ये लपलेला बिचारा चिनी माणूस दाखवला की पाहुणा हळहळतो आणि बाहेर येऊन आइस्क्रीम खातो. पण भर बाजारात पाटी लावून धंदा करणारा, कर भरणारा माणूस, आणि त्याला कायद्यानेच पाडला, हे ऐकल्यावर हळहळून भागत नाही, रागच येतो. टूर त्याला बिचारा करून टाकते, माझा आक्षेप एवढाच.

रेजायनाची_राणी
हे छान सांगितलंत, खरंच माहीत नव्हतं. पण तुम्हीच बघा, माझ्या मुलाने डोईकर हा शब्द पहिल्यांदा कुठे ऐकला? त्याच टूरमध्ये! शाळेत नंतर आला. घरी येऊन विचारत होता की आपल्याला पण भरायला लागला होता का. आता एखादा दहा वर्षांचा पोरगा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून सुरुवात करणार आहे का? नाटक असतं म्हणून तर आत शिरतो ना.

सोलापूरचा_बर्फात
शिरतो हे मान्य. पण मग बाहेर पडताना कोणीतरी सांगायला हवं की ह्यातलं कागदावर काय आहे आणि ऐकीव काय आहे. कपोन आणि डोईकर एकाच तिकिटात, एकाच सुरात सांगितले तर पोरगा उद्या दोन्ही खरे धरेल, नाहीतर मोठा झाल्यावर दोन्ही खोटे. दुसरं जास्त वाईट.

काकू_सस्कॅचवान
मी इथे बरीच वर्षं आहे त्यामुळे जरा बोलते. तुम्ही भुयारं विरुद्ध म्युझियम असं भांडताय जसं काही म्युझियम म्हणजे सगळं सत्यच. रेजायनातल्या मॅकेन्झी आर्ट गॅलरीत अन्नपूर्णेची मूर्ती होती, एका हातात खिरीची वाटी, दुसऱ्यात चमचा. नॉर्मन मॅकेन्झी नावाच्या इथल्या वकिलाने १९१३ ला वाराणसीहून आणवलेली, घाटावरच्या एका देवळातून चोरलेली. त्याच्या मृत्युपत्राने १९३६ ला संग्रहात आली आणि इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, नोंदीत तर ती विष्णू म्हणून होती! दिव्या मेहरा नावाची कलाकार तिथे प्रदर्शनाची तयारी करत होती, तिला शंका आली, तिने जुनी कागदपत्रं काढली, मग २०२० ला मूर्ती परत करायचं झालं आणि २०२१ ला ती काशीत पोचली. म्हणजे भुयारवाले निदान कॉस्च्युम घालून गोष्ट सांगतात, गॅलरीवाले काचेत ठेवून सांगतात, म्हणून आपण प्रश्न विचारत नाही.

आणि ह्या सगळ्या पायोनियर म्युझियममध्ये गोष्ट सुरू होते कुठून? १८८२ ला रेल्वे आली तिथून. त्याच्या आधी मूळनिवासी लकोटांचा पुढारी सिटिंग बुल आणि त्याचे लोक अमेरिकेची सरहद्द ओलांडून ह्याच भागात आले होते, तो १८८१ ला परत गेला पण काही कुटुंबं मागे राहिली, मूस जॉच्या आसपासच राहायची. पाहुण्यांना कुठेही न्या, पण आपण स्वतः तरी विचारा की रेल्वेच्या आधीची भिंत कुठे आहे.

गवताळ_गडी
काकू, तुमचं रेल्वेच्या आधीचं मान्य, पण त्याने माझा मुद्दा पडत नाही. काचेतली मूर्ती परत गेली ती कोणीतरी नोंदी तपासू शकलं म्हणून. नोंद होती म्हणून चूक सापडली. कपोनच्या गोष्टीत तपासायला आहे काय?

आणि फक्त_रॉकीज साहेब, तुमच्यासाठी सुकानेन. गावाच्या दक्षिणेला हायवे दोनवर, दहा-पंधरा मिनिटं. टॉम सुकानेन नावाचा फिनलंडचा शेतकरी, १९३० च्या दशकातली मंदी, त्यात दुष्काळ, धूळ अशी की माणसं गाडीचं इंजिन काढून पुढे घोडे जुंपायची आणि पंतप्रधान बेनेटच्या नावाने तिला बेनेट बग्गी म्हणायची, पेट्रोलला पैसे कुणाकडे होते. त्या काळात ह्या गड्याने समुद्रापासून इतक्या लांब शेतात एक जहाज बांधायला घेतलं, पत्रे स्वतः ठोकून, की दक्षिण सस्कॅचवान नदीतून हडसन बेला आणि तिथून घरी फिनलंडला जायचं. नदीपर्यंतही पोचलं नाही. त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि १९४३ ला तिथेच गेला. जहाज नंतर लोकांनी इथे आणून उभं केलं. बॅन्फला असलं काही नाही.

फक्त_रॉकीज
ठीक आहे, जहाज बघायला येतो. घरी परत जायचं म्हणून शेतात जहाज, हे आपल्या लोकांना कळेल 😅 पण बायको भुयारांचं तिकीट काढणारच, तिने आधीच बघून ठेवलंय.

गवताळ_गडी
काढू दे. सुकानेन फक्त उन्हाळ्यात उघडं असतं तेव्हा आधी ते करा, भुयारं हिवाळ्यातही मिळतात. तुम्ही टूरला जाल तेव्हा मी आर्ट गॅलरीत थांबतो, लायब्ररीच्याच इमारतीत आहे.

रेजायनाची_राणी
म्हणजे ह्या वर्षीही आत येणार नाहीत!