मुदतीआधी सोडलं की दंड: हिशेब की लूट?

गावभागकर
परवा इथंच एकानं लिहिलं, "करारावर सही करताना हात दुखला नाही, मग मोबाइल-इंटरनेटचं कनेक्शन मुदतीआधी सोडल्याचा दंड भरताना कसा दुखतो?" वा रे शहाण्या! माझ्या मेव्हण्याची सांगलीच्या विश्रामबागेतून आटपाडीला बदली झाली. तिथं कंपनीची केबलच नाही. म्हणजे सेवा कंपनीला देता येत नाही आणि लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी न सोडण्याची अट, मोडल्याचे पैसे मेव्हण्यानं भरायचे. राउटर परत द्यायला गेला तर काउंटरवरचा पोरगा विचारतो, "अडॅप्टर कुठाय?" अडॅप्टर मेव्हण्याच्या हातात लोंबत होता.

दंड नसावाच असं मी म्हणत नाही. राउटर फुकट दिला, खांबावरून वायर ओढली, तो खर्च निघू दे. पण मग दर महिन्याला कमी होत होत तो शून्यावर यायला नको? अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल कंपनीनं २००९ साली स्मार्टफोनवरचा हा दंड १७५ डॉलरवरून ३५० केला, आणि महिन्याला १० डॉलर कमी करणार म्हणाले. करार दोन वर्षांचा. २३ महिने इमानदारीत बिल भरून शेवटी सोडलं तरी १२० डॉलर द्यायचेच. हे कशाचे? गिऱ्हाईक हलू नये म्हणून घातलेली बेडी आहे ही.

काउंटरच्या_अलीकडे
त्या 'काउंटरवरच्या पोराला' पगार किती असतो ते विचारलं का मेव्हण्यानं? मी मारुती रोडला मोबाइलचंच दुकान चालवतो. रोज दोन-तीन जण येऊन कंपनीचा राग माझ्यावर काढतात.

अमेरिकेचा अर्धाच हिशेब सांगू नका. २००८ ला ८ जीबीचा आयफोन थ्रीजी तिकडं दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता. आपल्याकडं तोच ३१ हजारांना आला. सवलत पाहिजे आणि बांधून घेणं नको, असं कसं चालेल? आपल्याकडंही झाला होता प्रयोग. २००३ चा रिलायन्सचा मान्सून हंगामा आठवा, ५०१ रुपयांत हातात फोन. मनसोक्त बोलले लोक, आणि बिल आल्यावर कित्येक जण गायब. तेव्हापासून इथं प्रीपेड घ्या, फोन पूर्ण किमतीला घ्या आणि हप्ते फायनान्सवाल्याकडं भरा.

गावभागकर
तिकडच्याच टी-मोबाइल कंपनीनं २०१३ ला वर्षा-दोन वर्षांचे करारच काढून टाकले. २०१४ ला तर दुसऱ्या कंपनीतून येणाऱ्याचा दंड स्वतः भरायला लागले. बुडाली का कंपनी?

काउंटरच्या_अलीकडे
आणि फोनचे हप्ते? मधेच सोडलं की उरलेले सगळे एकदम भरायचे. नाव बदललं, दुसरं काय!

गावभागकर
फरक आहे ओ. हप्त्यात शेवटच्या महिन्याला शेवटचा हप्ताच उरतो, १२० डॉलर नाही. मी वेगळं काय मागतोय?

ट्रॉलीवाला_वाळवा
हजार-दीड हजारावरून एवढं रामायण? माझं ऐका. ट्रॅक्टर कर्जावर, दोन ट्रॉल्या. ऊसतोड मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला लाखांत उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिली, स्टॅम्प करून नोटरी केली. दसरा झाल्यावर टोळी आणायला गेलो तर मुकादमाच्या घराला कुलूप, फोन बंद. पोलीस म्हणतात दिवाणी मामला आहे. कारखाना म्हणतो उचल तुम्ही दिली, तुम्ही बघा. करार मोडल्याचा दंड मी कुणाकडं मागू?

माणदेशी_कोयता
मालक, आमचे आईबाप कोयत्यावर जायचे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एक दिवस खाडा झाला की मजुरी तर गेलीच, वर दंड. आई तापानं फणफणली तरी खाडा तो खाडाच. वहीत मुकादम काय लिहितोय ते दोघांनाही वाचता येत नव्हतं. पट्टा पडला, हंगाम संपला, तरी अंगावर बाकी उरायचीच, मग पुढच्या वर्षी त्याच टोळीत. सोडून जायची सोयच नव्हती. तुम्ही दंडाच्या गोष्टी आम्हाला सांगू नका.

ट्रॉलीवाला_वाळवा
मी कुणाच्या आईला खाडा लावला नाही. माझी दोन एकर गहाण पडलीय, ते दिसत नाही तुम्हाला?

माणदेशी_कोयता
उचल बुडवली मुकादमानं, शिव्या टोळीला. दरवर्षीचंच आहे.

गावभागकर
अहो, विषय मोबाइलचा होता!

ट्रॉलीवाला_वाळवा
विषय कराराचा आहे. तुम्हीच काढलाय.

जुनी_फाईल
भांडण झालं असेल तर दोन शब्द. करार कायदा १८७२, कलम ७४: कागदावर दंडाचा आकडा छापलाय म्हणून तो आपोआप पूर्ण मिळत नाही. तो वरची मर्यादा आहे, त्याच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४६): नुकसानीच्या मानानं अवाच्या सवा दंड लावणारा करार 'अनुचित करार' ठरू शकतो. मेख अशी की अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. दीड हजारासाठी कोण जाणार? कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकाही दंड लावायच्या आणि 'सही केलीत ना' असंच ऐकवायच्या. रिझर्व्ह बँकेनं २०१२ ला तरत्या, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर तो बंद केला. बँका चालूच आहेत.

काउंटरच्या_अलीकडे
आली कलमं, आता आमच्यासारख्यानं गप्प बसायचं. बरं बाबा, दंड महिन्यागणिक उतरावा आणि केबल नसलेल्या गावी बदली झाली तर माफ. झालं समाधान? उद्या याच कंपन्या राउटर आणि वायरचे पैसे पहिल्या दिवशी रोख मागतील, तेव्हा बोंब मारू नका.

गावभागकर
मारणार. पण निदान किती घेतले ते पहिल्याच दिवशी कळेल तरी.

ट्रॉलीवाला_वाळवा
वकीलसाहेब, ते ७४ कलम मुकादमाला लागतं का? स्टॅम्प आहे माझ्याकडं.

जुनी_फाईल
लागतं. उचल तर परत मागाच, वर वाजवी भरपाईही मागता येईल. पण तीन वर्षांच्या आत दावा लावा. पैसे खात्यावर टाकले होते की रोख? रोख असतील तर साक्षीदार कोण?

ट्रॉलीवाला_वाळवा
रोख. साक्षीदार मुकादमाचा चुलता आहे.